अमेरिकेच्या राज्यघटनेची मुळं कशी वाचायची: आधी भांडण, तत्त्वज्ञान नंतर

एमपीएससी-यूपीएससीवाली पोरं असू देत नाहीतर नुसता नाद म्हणून वाचणारी, अमेरिकेच्या घटनेची मुळं म्हटलं की सगळे एकाच जागेवरनं सुरुवात करतात, लॉक, मग माँतेस्क्यू, मग रूसो हे युरोपातले तत्त्वज्ञ, प्रत्येकाचे चार-चार मुद्दे पाठ आणि तिथनं डायरेक्ट १७८७, म्हणजे घटना लिहिली ते साल. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याबी अभ्यासिकेत जावा, असल्याच नोट्स झेरॉक्स होऊन फिरत असतात. ह्या क्रमानं वाचलं की वाटतं काही हुशार माणसांनी चांगली पुस्तकं वाचली आणि त्यातनं घटना उतरवून काढली. तसं काही झालेलं नाही. ती घटना म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या भांडणांचा हिशोब आहे, आणि पुस्तकं त्यांनी बहुतेक वेळा भांडण जिंकायला वापरली. (रूसोचं तर तिथं फारसं काही चाललेलंच नाही, तो आपल्या नोट्समध्ये सवयीनं येतो.)

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी मजकूर, मग तक्रारी, मग जुने इंग्रजी कागद, मग त्यांची स्वतःची फसलेली पहिली व्यवस्था, आणि तत्त्वज्ञ त्याच्यानंतर. निवांत रविवार धरून केलं तर महिना-दीड महिन्याचं काम आहे, घाई करू नका.

पहिलं काम: मजकूर हातात घ्या

सगळ्यात आधी घटनाच वाचा. मूळची सात कलमं आणि नंतरच्या २७ दुरुस्त्या, एवढंच आहे. आपल्या घटनेसारखं जाडजूड प्रकरण नाही, एका बैठकीत होतंय. अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे, प्रिंट काढा, पण एका बाजूलाच काढा, कारण कोऱ्या बाजूला आपल्याला लिहायचंय.

काय लिहायचं? प्रत्येक तरतुदीसमोर एकच प्रश्न: ही कुणाच्या भीतीनं घातली? राजाच्या, म्हणजे एका माणसाच्या हातातल्या सत्तेच्या? संसदेच्या? शेजारच्या राज्याच्या? की स्वतःच्याच लोकांच्या, बहुमताच्या? आणि पाचवं एक उत्तर आहे जे लोक विसरतात, आपले गुलाम हातातनं जातील ह्याची. एकेका ओळीसमोर दोन-दोन उत्तरं येतील, येऊ देत.

उदाहरणार्थ तिसरी दुरुस्ती बघा, शांततेच्या काळात घरमालकाच्या परवानगीशिवाय सैनिकांना घरात ठेवायचं नाही. आज वाचताना वाटतं हे कशाला घातलंय. १७६५ आणि १७७४ चे ब्रिटिश सैन्याच्या मुक्कामाचे कायदे बघितले की कळतं. किंवा देशद्रोहाची व्याख्या घटनेतच करून टाकलीय, तीपण लई अरुंद, आणि एकाच कृत्याचे दोन साक्षीदार पाहिजेत नाहीतर आरोपीनं उघड्या कोर्टात कबुली द्यायला पाहिजे. कारण इंग्लंडच्या राजांनी देशद्रोह हा शब्द पाहिजे तसा ताणून विरोधकांची मुंडकी उडवलेली त्यांना चांगली माहीत होती. पहिल्या वाचनात निम्म्या ओळींसमोर काहीच सुचणार नाही. कोरं सोडा, पुढं भरत जातंय.

दुसरं काम: जाहीरनाम्यातल्या तक्रारी जुळवा

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा सगळे दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचतात, सर्व माणसं समान, जीवित, स्वातंत्र्य, सुखाचा शोध, झालं. पुढं इंग्लंडच्या राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी आहे, साधारण २७ धरतात, ती कुणी वाचत नाही. खरा माल तिथं आहे. एकेक तक्रार घ्या आणि तिचं उत्तर घटनेत कुठं दिलंय ते शोधा.

चार देतो, बाकीची तुम्ही करा. तक्रार अशी की राजानं न्यायाधीशांची नोकरी आणि पगार आपल्या मर्जीवर ठेवलाय. घटनेच्या तिसऱ्या कलमात उत्तर, वर्तन चांगलं असेतोवर न्यायाधीश पदावर, आणि पदावर असताना पगार कमी करता येणार नाही. ह्यात चीड कशाची होती ते बघा, इंग्लंडमधल्या न्यायाधीशांना हे संरक्षण १७०१ च्या कायद्यानं मिळालेलं होतं, वसाहतीतल्यांना नव्हतं. म्हणजे आम्ही इंग्रजच की, मग आम्हाला वेगळा नियम का, हा त्यांचा मूळ सूर. दुसरी तक्रार, शांततेच्या काळात आमच्या विधानसभांना न विचारता फौज ठेवली. उत्तर, लष्करासाठी पैसा एका वेळी दोन वर्षांच्या वर मंजूर करता येत नाही, म्हणजे फौज पाहिजे तर परत परत लोकप्रतिनिधींपुढं यायचं. तिसरी, विधानसभा वारंवार बरखास्त केल्या. उत्तर, काँग्रेस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय विधिमंडळ, वर्षातनं किमान एकदा भरलीच पाहिजे. चौथी, आमच्या माणसांना खटल्यासाठी समुद्रापलीकडं नेलं आणि ज्युरी काढून घेतली. उत्तर, गुन्हा ज्या राज्यात घडला तिथंच खटला, आणि ज्युरीसमोर.

असं जुळवत गेलात की पहिल्या दिवशी कोऱ्या राहिलेल्या बऱ्याच जागा भरतील.

ह्याच टप्प्यावर एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जाहीरनाम्यात शिव्या राजाला आहेत, पण आधीची दहा-बारा वर्षं भांडण संसदेशी होतं. १७६५ ला स्टॅम्प ॲक्ट आला, कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर कर, वसाहतीत बोंबाबोंब झाली, १७६६ ला तो मागं घेतला पण त्याच वेळी संसदेनं दुसरा कायदा करून ठणकावलं की वसाहतींसाठी कसल्याही बाबतीत कायदा करायचा अधिकार आम्हाला आहे. इंग्लंडमध्ये तोवर सिद्धांत पक्का झालेला की संसद सर्वोच्च, तिच्यावर कुणी नाही. वसाहतवाले म्हणाले, नाही, संसदेच्याही वर काहीतरी आहे. बोस्टनचा वकील जेम्स ओटिस १७६१ लाच कोर्टात म्हणालेला की घटनेच्या विरोधातला कायदा रद्दबातल, तेव्हा प्रश्न होता कस्टमवाल्यांना कुणाच्याही घरात घुसून झडती घ्यायचं सरसकट वॉरंट देण्याचा. खटला तो हरला. पण चौथी दुरुस्ती वाचा, झडतीचं वॉरंट कुठल्या जागेसाठी आणि कशासाठी ते नेमकं लिहिलेलं पाहिजे, हे तिथलंच दुखणं आहे. आणि विधिमंडळाच्या वर एक लिखित कायदा असतो ही जी कल्पना आज आपल्याला इतकी साधी वाटते तीपण ह्याच भांडणातनं घट्ट झाली, कुणा एका तत्त्वज्ञाच्या डोक्यातनं नव्हे.

तिसरं काम: जुने इंग्रजी कागद, पण भरभर

इथं लई वेळ घालवू नका. १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजानं सरदारांना दिलेली सनद, त्यातलं ३९ वं कलम तेवढं वाचा. १६२८ चा पिटिशन ऑफ राइट, १६७९ चा हेबियस कॉर्पस ॲक्ट, १६८९ चा बिल ऑफ राइट्स. शेवटच्यातलं जबर जामीन, जबर दंड आणि क्रूर शिक्षा ह्याविषयीचं वाक्य घ्या आणि अमेरिकेची आठवी दुरुस्ती शेजारी ठेवा, जवळजवळ तेच वाक्य आहे.

जास्त लक्ष द्या ते वसाहतींच्या सनदांकडं. प्रत्येक वसाहतीला राजाकडनं मिळालेला किंवा राजानं मान्य केलेला काहीतरी कागद होता आणि लोक दीडशे वर्षं त्या कागदावर बोट ठेवून भांडायला शिकले. व्हर्जिनियात १६१९ पासून प्रतिनिधींची सभा भरत होती, मेफ्लॉवर जहाजावरच्या लोकांनी १६२० ला आपापसात करार केलेला, कनेक्टिकटवाल्यांनी १६३९ ला आपल्या कारभाराचे नियम लिहून काढलेले. लिहून ठेवायची सवय तिथली. पण मॅसॅच्युसेट्सची सनद १६८४ ला रद्द झाली, १६९१ ला नवीन मिळाली आणि १७७४ ला संसदेनं तीपण परस्पर बदलून टाकली. वरनं दिलेला कागद वरचा माणूस परत घेऊ शकतो.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको खरं तर. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा ५० टक्के जागांचा हुकूम आपल्याला पाठ आहे, त्याचं मोल कुणी नाकारत नाही, पण तो राजाचा हुकूम होता, गादीवर तसा राजा होता म्हणून निघाला. तसा राजा दरवेळी कुठनं आणायचा, आणि चांगल्या राजाच्या हुकमाला पुढच्यापासनं संरक्षण कुणी द्यायचं, हा घटनेचा प्रश्न आहे. अमेरिकेत ह्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मॅसॅच्युसेट्सनं दिलं. १७७८ ला तिथल्या विधिमंडळानं स्वतःच घटना लिहून गावांपुढं ठेवली, गावांनी फेटाळली. मग फक्त घटना लिहायला वेगळी परिषद निवडली, जॉन ॲडम्सनं मसुदा केला, आणि १७८० ला लोकांच्या मंजुरीनं ती लागू झाली. दुरुस्त्या होत होत ती आजपण चालू आहे. कायदे करणारी सभा वेगळी आणि घटना करणारी सभा वेगळी, ही युक्ती वहीत ठळक लिहा.

चौथं काम: फसलेली पहिली व्यवस्था

हा भाग नोट्समध्ये दोन ओळींत उडवलेला असतो, आणि माझ्या मते ह्याच्याशिवाय १७८७ कळणं अवघड आहे. स्वातंत्र्य घेतल्यावर १३ राज्यांनी आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन नावाचा करार केला, काँग्रेसनं १७७७ ला मंजूर केला आणि सगळ्यांच्या सह्या होऊन लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडला.

समजा शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या सगळ्या तालमींनी मिळून एक मध्यवर्ती समिती केली. तालीम लहान असू दे नाहीतर मोठी, मत एकच. समितीनं वर्गणी ठरवायची पण घरोघरी जाऊन गोळा करायची नाही, ती तालमींनी आणून द्यायची, नाही दिली तर समिती काही करू शकत नाही. मोठा निर्णय असला तर १३ पैकी नऊ पाहिजेत, आणि नियमच बदलायचा असला तर तेराच्या तेरा. अध्यक्ष म्हणावा असा अध्यक्ष नाही, भांडण मिटवायला पंच म्हणावा असा पंच नाही. सांगा बघू पहिल्या मिरवणुकीला काय होईल. तेच झालं. आयात मालावर पाच टक्के जकात बसवून युद्धाचं कर्ज फेडू म्हटलं तर एकट्या ऱ्होड आयलंडनं मोडता घातला, परत प्रयत्न केला तर न्यूयॉर्कनं अडवलं.

त्यात १७८६ ला पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जात बुडालेले शेतकरी उठले. डॅनियल शेज हा त्यांच्यातला पुढारी, स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. जप्त्या थांबवायला ह्या लोकांनी कोर्टं बंद पाडली. बंड मोडायला केंद्राकडं ना पैसा ना फौज, शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून राज्याची फौज उभी केली. आता ह्याच्याकडं कसं बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला शेतकऱ्यांची बाजू कळते, कर्जमाफीच्या मुलखातला माणूस आहे. पण १७८७ ला घटना लिहायला फिलाडेल्फियाला जमलेल्या बहुतेकांना त्यात लोकशाहीचा अतिरेक दिसला, आणि घटनेत राज्यांनी कागदी चलन काढायचं नाही, करार मोडणारे कायदे करायचे नाहीत असं जे लिहिलंय त्याच्यासमोर तुमच्या वहीत आता "स्वतःच्याच लोकांची भीती" असं लिहायला हरकत नाही.

पाचवं काम: आता तत्त्वज्ञ

आत्ता लॉक काढा. त्याचा शासनावरचा दुसरा प्रबंध १६८९ च्या शेवटी छापून आला, नैसर्गिक हक्क, संमतीचं सरकार, आणि सरकारनं विश्वासघात केला तर बदलायचा अधिकार. जाहीरनाम्याचा दुसरा परिच्छेद त्याच्या लई जवळचा आहे. घटनेत मात्र तो शोधायला गेलात तर थेट कमी सापडतो, बंड कसं करायचं ते त्याच्याकडं आहे, बंडानंतर खुर्च्या कशा मांडायच्या ते फारसं नाही. आणि हे पण वाचा की कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या मूलभूत नियमांत, ज्यात गुलामांवर मालकाला संपूर्ण सत्ता दिली होती, त्यात लॉकचा हात होता. स्वातंत्र्य आणि गुलामगिरी एकाच टेबलावर लिहिली जात होती, फिलाडेल्फियाच्या आधी शंभर वर्षं.

माँतेस्क्यूचं १७४८ चं पुस्तक खुर्च्या मांडायचं. कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा करणारा एकच असला की स्वातंत्र्य संपलं. त्यानं इंग्लंडचं जे चित्र काढलं ते खऱ्या इंग्लंडपेक्षा नीटनेटकं होतं, पण अमेरिकनांनी तेच उचललं. गंमत अशी की तोच माणूस म्हणतो की प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकतं. घटनेचे विरोधक हेच वाक्य घेऊन उठले आणि समर्थकांना त्याच्याच पुस्तकातलं दुसरं प्रकरण शोधून उत्तर द्यावं लागलं. शिवाय मॅडिसननं, फिलाडेल्फियातल्या एका प्रमुख प्रतिनिधीनं, स्कॉटलंडच्या ह्यूम ह्या तत्त्वज्ञाकडनं उलटा मुद्दा घेतला, देश मोठा असला तर गट इतके होतात की कुठल्याच एका गटाला बाकीच्यांना दाबता येत नाही. ग्रीक-रोमन इतिहास, पॉलिबियसची मिश्र राज्यव्यवस्था, ब्लॅकस्टोनचे कायद्यावरचे खंड हे सगळ्यांच्या वाचनात होतं, त्याच्यावर तुम्ही एक दुपार घालवली तरी पुरे.

आणि हो, इरोक्वाय आदिवासींच्या संघाची कॉपी करून अमेरिकेची घटना केली असा मेसेज फिरत असतो. फ्रँकलिननं १७५१ च्या पत्रात त्या सहा जमातींच्या संघाचं उदाहरण दिलंय हे खरं. पण त्याच्यावरनं घटना उतरवली हे इतिहासकारांना मान्य झालेलं नाही, परीक्षेत लिहू नका.

सहावं काम: फिलाडेल्फियाची खोली

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, ५५ प्रतिनिधी आले, ३९ जणांनी सही केली, ऱ्होड आयलंडनं माणूसच पाठवला नाही. जाहीरनामा लिहिणारा जेफरसन पॅरिसला, ॲडम्स लंडनला, हे दोघं तिथं नव्हतेच, बऱ्याच जणांचा इथं घोटाळा होतो. चर्चा गुप्त होती. आपल्याला कळतं ते मुख्यतः मॅडिसनच्या टिपणांवरनं, जी त्याच्या मृत्यूनंतर १८४० ला छापली गेली आणि त्यात त्यानं मागाहून हातपण फिरवलेला होता, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

सगळी टिपणं वाचायला बसलात तर कंटाळून सोडाल. एवढेच दिवस वाचा: २९ मे, मोठ्या राज्यांच्या सोयीचा व्हर्जिनियाचा आराखडा. १५ जून, लहान राज्यांचा न्यू जर्सी आराखडा. १६ जुलै, तडजोड, एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे आणि दुसऱ्यात सगळ्या राज्यांना सारखं, तीपण पाच विरुद्ध चार मतांनी कशीबशी. ८ ऑगस्ट आणि २२ ऑगस्ट, गुलामगिरीवरची भाषणं. २२ तारखेला जॉर्ज मेसन गुलामांच्या व्यापारावर तुटून पडतो, आणि तो स्वतः गुलाम बाळगणारा. १२ सप्टेंबर, त्याच मेसनची हक्कांची यादी घालायची मागणी एकजात सगळ्या राज्यांनी फेटाळली. १७ सप्टेंबर, म्हाताऱ्या फ्रँकलिनचं भाषण.

गुलाम हा शब्द मूळ घटनेत कुठंच नाही. पण प्रतिनिधी मोजताना तीन-पंचमांश धरायचे, व्यापार १८०८ च्या आधी बंद करायचा नाही, पळालेला माणूस परत द्यायचा, हे सगळं आहे. गुलामगिरी हा शब्द पहिल्यांदा आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, प्रथा बंद करताना. पाचव्या भीतीची जागा इथं भरा.

सातवं काम: दोन्ही बाजू जोडीनं वाचा

हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे ह्या तिघांनी पब्लियस ह्या टोपणनावानं घटनेच्या बाजूनं लिहिलेले ८५ फेडरलिस्ट लेख सगळ्यांना माहीत असतात, विरोधकांना कुणी विचारत नाही. ब्रूटस नावानं लिहिणाऱ्याचा पहिला लेख आणि फेडरलिस्टचा दहावा शेजारी ठेवा, विषय एकच, मोठा देश चालेल का. मग ब्रूटसचा अकरावा आणि फेडरलिस्टचा अठ्ठ्याहत्तरावा, विषय न्यायालय. हॅमिल्टन म्हणतो न्यायालयाकडं ना तलवार ना तिजोरी, घाबरताय कशाला, आणि ब्रूटस म्हणतो त्यांच्यावर कुणीच नाही म्हणून घाबरतोय. ब्रूटस मला तरी जास्त दूरचं बघणारा वाटतो. एक्कावन्नावा वेगळा वाचा, चेक्स अँड बॅलन्सेसचं, म्हणजे एका सत्तेनं दुसरीला आवर घालायचं, खरं तर्कशास्त्र तिथं आहे.

राज्यांची मंजुरी काही ठिकाणी काठावरची होती. व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७, ऱ्होड आयलंड १७९० ला ३४ विरुद्ध ३२. न्यूयॉर्कची तारीख २६ जुलै १७८८, आपल्याला विसरायचं कारण नाही. हक्कांची यादी १७९१ ला आली ती विरोधकांच्या रेट्यामुळं, म्हणजे हरलेल्या बाजूनं घटनेतला आज सगळ्यात जास्त सांगितला जाणारा भाग मिळवला.

शेवटचं काम: एका कलमाचा माग काढा

आता सगळं एकत्र वापरायला एक व्यायाम. मॅग्ना कार्टाचं ३९ वं कलम, देशाच्या कायद्याशिवाय कुणाला पकडायचं नाही. १३५४ च्या इंग्रजी कायद्यात ते ड्यू प्रोसेस ऑफ लॉ, म्हणजे कायद्याची योग्य प्रक्रिया, ह्या शब्दांत येतं. १७९१ ला पाचव्या दुरुस्तीत केंद्राला लागू, १८६८ ला चौदाव्या दुरुस्तीत राज्यांना लागू. मग १९४७ ला आपले घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला जातात, तिथं न्यायमूर्ती फ्रँकफर्टर त्यांना हा शब्द टाळायचा सल्ला देतात, आणि आपल्या कलम २१ मध्ये त्याऐवजी कायद्यानं ठरवलेली पद्धत असं येतं. घटना समितीत ह्याच्यावर डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली, बाबासाहेबांनी दोन्हीकडचे धोके मांडले, ते जरूर वाचा. तेच बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत समोरासमोर ठेवतात, आणि ते कोलंबियात १९१३ ते १९१६ शिकलेले, अमेरिका त्यांनी नुसती पुस्तकातनं बघितलेली नव्हती. त्याच्याही आधी आपल्याकडनं तिकडं बघणारे जोतीराव, टॉमस पेन वाचलेले, १८७३ ची गुलामगिरी त्यांनी गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली.

पुढं १९५० चा गोपालन खटला आणि १९७८ चा मनेका गांधी खटला ही जोडी वाचा, पहिल्यात कोर्टानं कलम २१ अरुंद धरलं, दुसऱ्यात पद्धत न्याय्य आणि वाजवी पाहिजे असं सांगून टाळलेली गोष्ट मागच्या दारानं आत घेतली. आपल्या घटना समितीच्या चर्चा संसदेच्या साइटवर आहेत. इंग्रजी जड गेलं तर संकल्पनांसाठी मराठी विश्वकोश उघडून बसा, आणि पुस्तकच हातात पाहिजे असेल तर शिवाजी विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय नाहीतर करवीर नगर वाचन मंदिर गाठा. दोघं-तिघं मिळून करत असाल तर एकानं फेडरलिस्ट आणि एकानं ब्रूटस घ्यायचा, पुढच्या रविवारी बाजू बदलायची.